‘सोसवेल इतका शेक’ : औषधांच्या दुकानातील एका शब्दप्रयोगाचा विचार

१. विषयप्रवेश

कंबर, मान, गुडघा किंवा पोटरी दुखू लागली म्हणजे महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबात प्रथम घरचा उपाय होतो. तो पुरा पडला नाही, तर कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान गाठले जाते. डॉक्टरची पायरी बहुधा त्यानंतर चढली जाते. दुकानातील मनुष्य दुखणे कोठे आहे एवढे विचारतो, मलमाची एखादी नळी काढून देतो, आणि गिऱ्हाईक पाठ फिरवीत असतानाच म्हणतो, ‘वरून सोसवेल इतका शेक द्या.’ हे वाक्य मराठी माणसाच्या इतके परिचयाचे आहे, की ते सांगणाऱ्याला आपण काय सांगितले याचा विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला आपण काय ऐकले याचा. औषधाची मात्रा सांगताना दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की नंतर, हे काटेकोरपणे सांगितले जाते. शेक हाही उपचारच आहे. पण त्याची मात्रा मात्र ‘सोसवेल’ या एका क्रियापदावर सोपवून दिली जाते. हे क्रियापद ही जबाबदारी पेलू शकते काय, आणि कोणत्या रोग्यांच्या बाबतीत पेलू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ भाषेच्या हौसेचा नाही. भारतात १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने या व्यवसायाची नोंदणी सुरू झाली, आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रोग्याला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नमूद केले. मराठी शासनव्यवहारात फार्मासिस्टला ‘औषधनिर्माता’ म्हणतात. मिश्रणे आणि मलमे दुकानातच तयार होत असत त्या काळी हे नाव यथार्थ होते. आज दुकानात काही निर्माण होत नाही. तयार होते ते एक वाक्य, आणि त्या वाक्याबरहुकूम घरी उपचार होतो. औषधनिर्मात्याच्या हातून घडणारी खरी निर्मिती आता भाषिक आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

२. ‘शेक’ या शब्दाची व्याप्ती

‘शेकणे’ हे क्रियापद मराठीत स्वयंपाकघरापासून रुग्णशय्येपर्यंत वावरते. भाकरी शेकतात, थंडीत हातपाय शेकतात, बाळंतिणीला शेकशेगडी होते, दुखरा गुडघा शेकतात. आणि एखादा व्यवहार उलटला म्हणजे तो अंगावर शेकतो. या सर्व प्रयोगांत उष्णता समान आहे. परंतु ती कोरडी की ओली, थेट की कापडाआडून, किती वेळ, याविषयी शब्द मूक आहे. विटेचा शेक, तव्यावर तापविलेल्या फडक्याचा शेक, मिठाच्या किंवा ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रबरी पिशवीचा शेक आणि विजेच्या पट्ट्याचा शेक ही सर्व एकाच नावाखाली येतात. वस्तुतः यांपैकी प्रत्येकाची उष्णता टिकण्याची व शरीरात उतरण्याची रीत निराळी आहे. पुरचुंडी दोनचार मिनिटांत निवते आणि पुन्हा तव्यावर धरावी लागते. विजेचा पट्टा रात्रभर निवत नाही. जुन्या साधनांत सुरक्षितता साधनाच्या उणिवेतच होती. नव्या साधनाने ती उणीव काढून टाकली. शब्द मात्र तोच राहिला.

प्राचीन वैद्यकाने या बाबतीत अधिक बारकावा राखला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सुश्रुतसंहितेत स्वेदाचे ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव असे चार भेद सांगितले आहेत. म्हणजे कोरडा शेक, वाफेचा शेक, लेप बांधून दिलेला शेक आणि उष्ण द्रवाचा शेक यांना स्वतंत्र नावे होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साह्याने होणारे तेरा आणि अग्नीवाचून होणारे दहा स्वेद वर्णिले आहेत. त्याच अध्यायात स्वेद कोणाला देऊ नये याची यादी आहे, आणि त्या यादीत गर्भिणीबरोबर मधुमेह्याचाही उल्लेख आहे. त्यामागची उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राची नव्हे, हे उघड आहे. तथापि उपचाराच्या नावाबरोबरच त्याचे निषेध सांगण्याची शिस्त त्या परंपरेत होती, एवढे निश्चित. व्यवहारातील मराठीत ‘शेक’ तेवढा उतरला. निषेधांची यादी ग्रंथातच राहिली. उपनाहाच्या जागी तर इंग्रजीतून आलेला ‘पोटीस’ हा शब्द रूढ झाला.

अलीकडे या शब्दाच्या व्याप्तीत आणखी एक भर पडली आहे. ताज्या दुखापतीवर बर्फ लावण्याची पद्धत खेळाडूंच्या वैद्यकातून सर्वत्र पसरली, आणि मराठीत ‘बर्फाने शेका’, ‘थंड शेक द्या’ असे प्रयोग होऊ लागले. जुनी मराठी येथे निराळी क्रियापदे वापरीत असे: गार पाण्याची घडी ठेवतात, पट्टी ठेवतात; शेकतात ती उष्णतेनेच. ‘थंड शेक’ या प्रयोगात विशेषण एक सांगते आणि नाम दुसरे. घाईत ऐकणाऱ्याच्या लक्षात नाम राहते. घोटा मुरगळून सुजला असताना ‘थंड शेक’ ऐकून आलेली व्यक्ती घरी गेल्यावर केवळ ‘शेक सांगितला आहे’ असे म्हणते, आणि घरातील वडीलधारे माणूस पाणी तापत ठेवते. यास्तव दुकानातील सल्ल्यात ‘शेक’ हा शब्द उष्णतेपुरताच राखावा आणि थंडाव्यासाठी ‘बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा’ असे स्पष्ट वाक्य योजावे, हे बरे.

३. उष्णतेने नेमके काय होते

शेकाने बरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. उष्णतेने त्वचेखालील रक्तवाहिन्या विस्तारतात व त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो. ताठरलेला स्नायू सैलावतो. सांध्याभोवतीच्या तंतुमय ऊती अधिक ताणल्या जाऊ शकतात, आणि म्हणून शेकानंतर केलेली हालचाल सुलभ होते. वेदनेच्या जाणिवेवरही तिचा परिणाम होतो. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्तानुसार मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांचा मार्ग इतर संवेदनांच्या योगाने अंशतः रोखला जाऊ शकतो. दुखरी जागा चोळल्याने किंवा शेकल्याने वाटणारा आराम या दृष्टीने समजून घेता येतो. मात्र बाहेरून दिलेली उष्णता एखाद्या सेंटीमीटरच्या पलीकडे फारशी पोचत नाही. नितंबाचा सांधा शेकला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतांशी त्यावरील त्वचा व मांस शेकले गेलेले असते.

उपचार म्हणून शेकाची कसोटीही घेण्यात आली आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर सुमारे ४० अंश सेल्सियस उष्णता आठ तास देणारा पट्टा आणि आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल या गोळ्या यांची तुलना केली गेली. वेदनाशमनात पट्टा सरस ठरला. २००६ सालच्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध प्रयोग एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला, की अशा कंबरदुखीत उष्णतेने अल्पकाळ व अल्प प्रमाणात आराम मिळतो. थंडाव्याच्या बाजूने मात्र पुरेसा पुरावा नाही. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी प्रथम अवलंबावयाच्या औषधविरहित उपायांत शेकाचा समावेश केला. तात्पर्य, दुकानातील मनुष्य शेक सांगतो यात चूक नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर होणारे परिणाम पाहता वृद्ध रोग्याच्या बाबतीत तो अनेकदा अधिक योग्य सल्ला ठरतो. प्रश्न सल्ल्याचा नसून त्याच्या मापाचा आहे.

४. दुखण्याचे शब्द

शेक द्यावा की नाही, हे दुखण्याच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि तो प्रकार जाणण्याचे औषधविक्रेत्याचे साधन म्हणजे रोग्याचे शब्द. वेदनेच्या शब्दसंग्रहाचा पद्धतशीर अभ्यास मेल्झॅक व टॉर्गर्सन यांनी १९७१ साली इंग्रजीत केला, आणि त्यातून १९७५ साली मॅकगिल वेदना-प्रश्नावली सिद्ध झाली. तीत ७८ शब्द २० गटांत विभागलेले आहेत. मराठीचा शब्दसंग्रहही या बाबतीत दुबळा नाही. दुकानात शेकाविषयी निर्णय घेताना त्यातील तीन कुळे ओळखली तरी पुष्कळ काम होते.

पहिले कूळ अडकण्याचे. मान धरली, कंबर धरली, पाठ आखडली, पाय अवघडले, अंग ताठले, उसण भरली, पोटरीत गोळा आला, हातांना रग लागली, हे प्रयोग पाहावेत. ‘कंबर धरली’ या वाक्यात कोणी कोणाला धरले, हे सांगितलेले नाही. अवयवच कर्ता आहे आणि हालचाल थांबली आहे, एवढेच सूचित होते. स्नायूंच्या ताठरपणाचे हे वर्णन आहे, आणि शेकाचा उपयोग प्रायः येथेच होतो. सकाळी उठल्यावर धरलेला आणि चार पावले चालल्यावर सुटणारा वृद्धाचा गुडघा याच कुळातला होय.

दुसरे कूळ ठोक्याचे आणि आगीचे. ठणकणे, ठसठसणे, भगभगणे, आग होणे, हुळहुळणे ही क्रियापदे त्यात येतात. यांतील पहिल्या दोहोंत नाडीचा ठोका ऐकू येतो, आणि तो पुष्कळदा सूज व दाह यांचा निदर्शक असतो. पहिल्या दोनतीन दिवसांतील मुरगळ, लाल होऊन तापलेला सांधा, पू धरणारे गळू, अशा ठिकाणी शेक दिल्यास रक्तप्रवाह वाढून सूज व ठणका वाढण्याचा संभव असतो. जेथे शरीराने आधीच उष्णता निर्माण केली आहे, तेथे बाहेरून ती घालू नये, हा सामान्य नियम सांगता येईल.

तिसरे कूळ अभावाचे. मुंग्या येणे, झिणझिण्या येणे, बधिर होणे, जड पडणे, ‘पायाखाली कापूस असल्यासारखे वाटणे’ हे प्रयोग वेदनेपेक्षा संवेदनेच्या ऱ्हासाविषयी बोलतात. दुकानात हे शब्द ‘दुखणे’ या नावाखालीच सांगितले जातात. किंबहुना ‘पाय दुखतात’ असे सुरुवातीला सांगणारा मधुमेही दुसऱ्या प्रश्नानंतरच मुंग्यांचा उल्लेख करतो. शेकाच्या दृष्टीने हे कूळ सर्वांत धोक्याचे आहे. त्याचे कारण पुढील भागात येईल.

अर्थात हे वर्गीकरण निदानाचे साधन नव्हे. प्रदेशानुसार शब्द बदलतात. एकच रोगी एकाच दुखण्याला सकाळी ‘ठणका’ आणि सायंकाळी ‘कळ’ म्हणतो. ‘वात आहे’ हे तर वर्णनाऐवजी रोग्याने स्वतःच केलेले निदान असते. परंतु शब्दावरून पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हे ठरते. ‘धरला’ असे कोणी म्हटले तर सूज आहे काय हे विचारावे. ‘ठणकतो’ म्हटले तर केव्हापासून, आणि ताप आहे काय हे विचारावे. ‘कळ’ म्हटले तर ती कोठून निघून कोठे जाते हे विचारावे. कंबरेतून पायात उतरणारी कळ एक गोष्ट. छातीतून डाव्या खांद्यात व जबड्यात जाणारी, घाम फोडणारी कळ ही अगदी दुसरी गोष्ट. त्या वेळी मलम आणि शेक यांत गेलेला प्रत्येक क्षण रोग्याच्या जिवावर बेतू शकतो.

५. ‘सोसवेल’ या क्रियापदाचे व्याकरण

‘सोसवणे’ हे मराठी व्याकरणकारांनी ‘शक्य क्रियापद’ या वर्गात घातलेले रूप आहे. ‘मला चालवते’, ‘त्याला बसवते’ या वाक्यांप्रमाणेच ‘तिला सोसवते’ या वाक्यात शक्यतेचा निर्णय अनुभव घेणारा स्वतः करतो. तो चतुर्थीत उभा असतो आणि क्रियापद त्याच्या शरीराची साक्ष काढते. ‘सोसवेल इतका शेक’ या वाक्यात उष्णतेचे माप तापमापकाकडे नाही, घड्याळाकडे नाही, शेक देणाऱ्या सुनेकडे किंवा मुलाकडेही नाही. ते केवळ शेक घेणाऱ्याच्या त्वचेकडे आहे. निरोगी त्वचेच्या बाबतीत हे माप बरेच विश्वसनीय ठरते. सुमारे ४३ अंशांच्या पुढे त्वचेतील विशिष्ट संवेदक जागे होतात, चटका बसू लागतो आणि माणूस अंग आखडून घेतो. परंतु ज्या त्वचेची साक्षच खोटी झाली आहे, तिच्या हाती हे माप देणे म्हणजे काटा मोडलेल्या तराजूने औषध तोलणे होय.

दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन संवेदना मंदावते. रोग्याला पाय गार पडल्यासारखे, जड झाल्यासारखे वाटतात, आणि नेमक्या याच जाणिवेमुळे तो ते गरम पाण्यात बुडवितो किंवा पिशवीवर टेकवून झोपतो. त्याला ‘सोसवते’, कारण त्याला कळतच नाही. सकाळी फोड दिसतो, तो दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो, जखम चिघळते, आणि रक्तपुरवठा मुळातच अपुरा असल्यास पुढील मार्ग कधीकधी बोट किंवा पाऊल कापण्याकडे जातो. मधुमेही पायाची काळजी घेणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने याविषयी स्पष्ट सूचना दिली आहे: अशा व्यक्तीने पाय ऊबवण्यासाठी शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी वापरू नये, आणि पाय धुण्याचे पाणी ३७ अंशांपेक्षा कमी उष्ण असावे. पक्षाघाताने दुर्बल झालेला अवयव, कुष्ठरोगाने बधिर झालेली त्वचा, झोपेच्या गोळीच्या किंवा मद्याच्या अंमलाखाली असलेला मनुष्य यांच्या बाबतीतही ‘सोसवेल’ हे माप तितकेच निरुपयोगी आहे.

संवेदना शाबूत असली तरीही हे माप काळाचा हिशेब करीत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या भाजण्याच्या अभ्यासात असे दाखविले, की ४४ अंश उष्णतेने त्वचेला कायमची इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात, आणि ५१ अंशांपर्यंत प्रत्येक वाढत्या अंशागणिक हा अवधी साधारणतः निम्मा होतो. म्हणजे ४७ अंशांना पाऊण तास पुरतो. ६० अंशांना तर काही सेकंदच लागतात. वर उल्लेखिलेला उपचाराचा पट्टा ४० अंशांचा होता. ४० आणि ४४ या दोन आकड्यांमध्ये उपचार आणि इजा यांचे अंतर मावते. विजेच्या पट्ट्यावर पाठ टेकवून झोपी गेलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटे जे सोसवले, ते पहाटेपर्यंत सोसवतेच असे नाही. मात्र ते सांगण्यासाठी तो जागा नसतो. वर्षानुवर्षे रोज सौम्य शेक घेणाऱ्यांच्या त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी बाळगणाऱ्यांत त्या जागी कर्करोग होतो, हेही वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

याखेरीज ‘सोसणे’ या धातूला मराठीत एक नैतिक छटा आहे, तीही दृष्टीआड करून चालणार नाही. ‘सोशिक’ हे आपल्याकडे प्रशंसेचे विशेषण आहे, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत. दुखणे ‘अंगावर काढणे’ हा दोष न मानता कुटुंबवत्सलतेचे लक्षण मानले जाते. अशा भाषेत वाढलेल्या व्यक्तीला ‘सोसवेल इतका’ असे सांगितले, म्हणजे ती त्या शब्दांचा अर्थ ‘सोसण्याच्या सीमेपर्यंत’ असा घेते. जेवढे जास्त सोसावे तेवढा गुण लवकर येईल, ही समजूत शब्दातच दडलेली आहे. सल्ला देणाऱ्याला मर्यादा सांगावयाची असते; ऐकणाऱ्याला आव्हान ऐकू येते.

६. ‘गरम’ मलम

दुकानातून शेकाबरोबर बहुधा मलमही दिले जाते, आणि येथे भाषेचा आणखी एक गुंता आहे. या मलमांत सामान्यतः मेंथॉल, कापूर, गंधपुऱ्याच्या तेलातील मिथाइल सॅलिसिलेट, आणि कधी मिरचीतील कॅप्सेसिन ही द्रव्ये असतात. रोगी म्हणतो, ‘हे मलम गरम पडते.’ वस्तुतः मलमाने त्वचेचे तापमान विशेष वाढत नाही; उष्णतेची जाणीव मात्र होते. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली कॅप्सेसिनचा संवेदक शोधून काढला, तेव्हा असे आढळले की चटका देणाऱ्या उष्णतेने जो संवेदक जागा होतो, तोच मिरचीनेही होतो. २००२ साली मेंथॉल आणि गारवा यांचाही असाच एक सामायिक संवेदक सापडला. तापमान व स्पर्श यांच्या संवेदकांविषयीच्या संशोधनासाठी ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत मिरचीने तोंडाची ‘आग’ होते, कालवण ‘तिखटजाळ’ असते. ही केवळ लाक्षणिक भाषा नसून शरीराच्या पातळीवर ती जवळजवळ अक्षरशः खरी आहे, हा शोध भाषाभ्यासकालाही उद्बोधक वाटेल.

व्यवहारात याचा अर्थ असा, की मलम चोळून त्यावर शेक देणे म्हणजे एकाच संवेदकावर दोन बाजूंनी मारा करणे आणि शिवाय द्रव्याचे त्वचेतून होणारे शोषण वाढविणे. या वर्गातील मलमांनी त्वचा भाजल्याच्या प्रकारांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली इशारा दिला होता. ‘मलम लावा आणि वरून शेका’ हे वाक्य त्यामुळे टाकून दिले पाहिजे. मलम आणि शेक यांच्या वेळा निराळ्या ठेवाव्यात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्या रोग्याने मिथाइल सॅलिसिलेटचे मलम मोठ्या प्रमाणात लावल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही विक्रेत्याने जाणले पाहिजे. त्वचेवर चिकटविलेल्या फेंटानिलसारख्या औषधी पट्टीवर शेक दिल्यास औषध वेगाने रक्तात उतरते. इन्सुलिन टोचलेल्या जागेवर शेक दिल्यासही तोच परिणाम होतो.

७. सल्ल्याचे वाक्य कसे असावे

आता ‘सोसवेल’ या शब्दाच्या जागी काय ठेवावे, हा प्रश्न उरतो. मराठीत पाण्याच्या उष्णतेची एक सुंदर श्रेणी आहे: गार, कोमट, ऊन, कढत, उकळते. यांतील ‘कोमट’ आणि ‘ऊन’ हे शब्द शेकासाठी राखावेत आणि ‘कढत’ स्पष्ट शब्दांत वर्ज्य करावा. ‘सोसवेल’ऐवजी ‘सुखावेल’ म्हणावे. कारण सुखाची सीमा सोसण्याच्या सीमेच्या बऱ्याच अलीकडे आहे. माप शक्यतो दुसऱ्याच्या हाती द्यावे. तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाणी आई स्वतःचे कोपर बुडवून पाहते; मुलाला सोसवते काय असे ती विचारीत नाही. वृद्धाच्या शेकाला हीच रीत लावण्यात कमीपणा नाही. तसेच काळ आकड्यात सांगावा, आणि निषेध आधी सांगावा. शेवटचे वाक्य दाराशी ऐकले जाते आणि पुष्कळदा ऐकलेही जात नाही.

उदाहरणादाखल पुढील संवाद कल्पिता येईल.

‘बाळा, गुडघा धरलाय. काहीतरी मलम दे.’

‘देतो, आजी. गुडघा सुजलाय का? हाताला तापलेला लागतो का?’

‘नाही रे. सकाळी उठताना धरतो, मग सुटतो.’

‘साखरेचा त्रास आहे? पायांना मुंग्या येतात का?’

‘साखर आहे दहा वर्षं. मुंग्या तळव्यांना येतात.’

‘मग तळव्यांना शेक अजिबात द्यायचा नाही, पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. गुडघ्यालाही सध्या शेक नको; डॉक्टरांना एकदा पायांची संवेदना तपासू दे. त्यांनी हो म्हटलं, तरच पिशवीत ऊन पाणी, कढत नाही. टॉवेलात गुंडाळून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाणी कुणी पाहायचं?’

‘सुनेनं.’

‘आणि मलम लावलं असेल तर?’

‘तर शेकायचं नाही.’

या संवादास दीड-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्यातील शेवटचे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. ‘समजले ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो. विशेषतः दुकानात मागे माणसे उभी असताना. ‘कुणी पाहायचं?’ या प्रश्नाला मात्र ‘हो’ हे उत्तर होऊ शकत नाही. सांगितलेले समजले की नाही, हे रोग्याच्या होकारावरून नव्हे, तर त्याने स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरावरून कळते. ‘आजी’ आणि ‘बाळा’ या संबोधनांनाही येथे काम आहे. नात्याचा हा शब्द नसता, तर तळव्यांच्या मुंग्यांची गोष्ट परक्या माणसापुढे निघाली असती की नाही, याची शंका आहे.

काही प्रसंगी मात्र उत्तम वाक्यही पुरे पडत नाही, आणि तेथे ‘डॉक्टरकडे जा’ हेच योग्य वाक्य होय. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, पाय लुळा पडणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, ताप असणे, कारणावाचून वजन घटणे. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. एकाच पोटरीला आलेली सूज. लाल होऊन तापलेला सांधा, या लक्षणांत शेक सांगणे म्हणजे काळ दवडणे होय.

८. समारोप

वरील विवेचनाचा सारांश थोडक्यात सांगता येईल. शेक हा गुणकारी, स्वस्त आणि योग्य रीतीने दिल्यास निर्धोक उपाय आहे. परंतु मराठीत तो ज्या वाक्यात सांगितला जातो, त्या वाक्याने उपचाराचे माप रोग्याच्या सहनशक्तीवर टाकले आहे. आणि ज्यांची त्वचा साक्ष देऊ शकत नाही, किंवा ज्यांना सोसणे हाच सद्गुण म्हणून शिकविला गेला आहे, त्यांच्यावर ते वाक्य अक्षरशः शेकते. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात औषधांची नावे, मात्रा व परिणाम इंग्रजीत शिकविले जातात. दुकानात मात्र विद्यार्थ्याला मराठीत बोलावे लागते, आणि ती मराठी त्याला कोणी शिकविलेली नसते. तो तीच वाक्ये उच्चारतो, जी त्याने आजीकडून ऐकली. या पोकळीत भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला करण्याजोगे काम आहे: जिल्ह्याजिल्ह्यांतील दुखण्याचे शब्द जमविणे, रोगी व विक्रेते यांची संभाषणे त्यांच्या संमतीने नोंदविणे, आणि सल्ल्याची कोणती वाक्ये घरी पोचेपर्यंत अर्थ टिकवितात हे तपासून पाहणे. ते काम होईपर्यंत निदान एवढे करता येईल, की काउंटरपलीकडील माणसाने ‘सोसवेल’ हा शब्द ओठांवर आला असता क्षणभर थांबावे, आणि समोरच्याला विचारावे, ‘तुमच्या पायांना गरम-गार कळते ना?’